यान फलाटाला लागण्याआधी: अवकाश-साहस मालिकेचा पहिला भाग लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

थंडीत आमच्याकडे, बेळगावच्या आसपास, साहित्य संमेलनांचा हंगाम असतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. रविवार उजाडला की कुठल्या ना कुठल्या गावात मांडव, ग्रंथदिंडी, लेझीम. दुपारच्या जेवणानंतर परिसंवाद ऐकता ऐकता निम्मा मांडव पेंगतो, आणि नेमका त्याच वेळी एखादा पोरगा मागून येऊन खांद्याला हात लावतो. "सर, वही आणलीय. जरा बघता काय?"

पूर्वी त्या वहीत ऊस, सावकार आणि एकतर्फी प्रेम असायचं. आता यानं असतात. मला त्याचा आनंदच आहे. फक्त एक गोष्ट सगळ्यांची सारखी. वही उघडायच्या आत पोरगा सांगून टाकतो की ही नऊ भागांची मालिका आहे आणि हा तिचा पहिला. नववा भाग कसा संपतो ते त्याला पाठ असतं. पहिला कसा संपतो असं विचारलं की तो वर मांडवाच्या कापडाकडे बघतो.

त्या पोरांसाठी, आणि पोरींसाठीही (गेल्या वर्षी खानापूरकडच्या एका मुलीची वही सगळ्यांत चांगली होती), हे लिहितोय. क्रमाने करा. क्रम चुकला तरी आभाळ कोसळणार नाही, पण पहिली पायरी मात्र पहिलीच ठेवा.

पायरी १: एक प्रश्न घ्या आणि तो याच पुस्तकात मिटवा

हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. माझ्या पहिल्या हस्तलिखितात ३४० पानं होती. नायक पहिल्या पानावर प्रवासाला निघायची तयारी करत होता आणि ३३८व्या पानावर निघाला. मधे दोन साम्राज्यांचा इतिहास, तीन वंशावळी, एका ग्रहावरची करपद्धत. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. चार महिन्यांनी परत आलं, वर पेन्सिलीने एकच ओळ: "यान सुटल्यावर पाठवा." मला आलेला राग जायला दोन वर्षं लागली, मग कळलं की माणसाने शाई वाया न घालवता बरोबर सांगितलं होतं.

मालिकेला दोन प्रश्न लागतात. एक मोठा, सगळ्या भागांना पुरणारा. एक लहान, पहिल्याच भागात मिटणारा. पहिला भाग विकत घेणारा वाचक लहान प्रश्नाचे पैसे देतो, मोठा त्याला वर उधारीवर मिळतो. लहान प्रश्न तुम्ही मिटवला नाहीत तर दुसऱ्या भागाची उधारी तो का ठेवेल?

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि एवढंच लिहा: कुणाला, काय हवं आहे, काय आडवं येतं, शेवटी काय होतं. चौथ्या जागी "ते पुढच्या भागात कळेल" असं आलं तर तुमच्याकडे अजून पहिला भाग नाही, फक्त प्रस्तावना आहे. परत बसा.

पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण वापरणार आहे, ते इथे मांडतो. गंगाक्का नावाची म्हातारी. तिच्या पिशवीत बेळगाव बासमतीचं बियाणं आहे. ते तिला एका दूरच्या वस्तीत, भाच्याकडे पोचवायचं आहे. वाटेत दोन सत्तांच्या हद्दीवरचा नाका आहे आणि बियाण्याला कागद नाही. मोठा प्रश्न: त्या हद्दीवरचं पाणी कुणाचं? लहान प्रश्न: बी पोचतं की नाही? पहिल्या भागात बी पोचलंच पाहिजे, किंवा नाहीच पोचलं पाहिजे. "बहुतेक पोचेल" चालणार नाही.

पायरी २: जवळची जागा निवडा

नवखा लेखक गोष्ट कोट्यवधी प्रकाशवर्षांवर नेतो, कारण तिथे कुणी चूक काढणार नाही. खरं आहे. पण तिथे कुणाला राहावंसंही वाटत नाही. (आणि एवढ्यात सांगून टाकतो: प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे. "तीन प्रकाशवर्षांपूर्वी" असं लिहिलेली वही मी तिथेच मिटतो.)

सूर्यमाला काही लहान नाही. गंगाक्काच्या भाच्याच्या वस्तीसाठी मी सीरीस घेतला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला हा सगळ्यांत मोठा गोळा, व्यास सुमारे ९४० किलोमीटर, पोटात भरपूर बर्फ. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण पस्तीसाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे सत्तर किलोचा माणूस तिथे दोन किलो भरतो. दिवस नऊ तासांचा. ऑकेटर नावाच्या एका विवरात पांढरे चमकते डाग आहेत, ते क्षारांचे. डॉन हे यान २००७ साली सुटून, वाटेत व्हेस्टा या दुसऱ्या लघुग्रहाला मुक्काम करून २०१५च्या मार्चमध्ये तिथे पोचलं, म्हणून एवढं सगळं ठाऊक आहे. नवख्याला आयती मिळालेली ही सामग्री आहे, वापरा.

पण मी सीरीस घेतला तो वेगळ्याच कारणाने. १ जानेवारी १८०१ ला तो सापडला तेव्हा त्याला ग्रह म्हटलं. पुढे त्याचं नाव ग्रहांच्या यादीतून काढून लघुग्रहांत घातलं. २००६ साली तो बटुग्रह झाला. गोळा जागचा हलला नाही, दाखला तेवढा बदलत राहिला.

माझी आजी बेळगावच्या शहापुरातल्या एकाच घरात जन्मभर राहिली. कागदावर ती आधी सांगली संस्थानात होती, मग मुंबई राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ला कर्नाटकात. ती गेल्यावर, २०१४ला, बेळगावचं बेळगावी झालं. जिवंत असती तर तिला तोही पत्ता पाठ करावा लागला असता. सीरीसवर राहणाऱ्या माणसाला काय वाटत असेल ते मला कुठल्या पुस्तकातून शोधावं लागलं नाही. तुम्हालाही लागणार नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, कुठलेही असा; घरात एक भाषा, अर्जाची दुसरी, मोठ्या साहेबापुढे तिसरी, हे तुम्ही पाचवीपासून करताय. अवकाशातली वसाहत दुसरं काय असते?

मात्र सीमाप्रश्नालाच रॉकेट लावून पाठवू नका. एक सत्ता म्हणजे हे, दुसरी म्हणजे ते, आणि दुसऱ्या बाजूची सगळी माणसं दुष्ट, असं केलंत की तिसऱ्या पानावर वाचकाला कळतं आणि पुढचं तो भाषणासारखं वाचतो, म्हणजे वाचत नाही. अनुभव घ्या, घोषणा घेऊ नका. आपल्या गल्लीत कन्नड बोलणारी शेजारीण कुकरची शिट्टी उधार मागते आणि आपलं पत्र वाचूनही दाखवते. ती गोष्टीत असली पाहिजे.

पायरी ३: अंतरांचं पान

वहीचं एक पान फाडून भिंतीला लावा. त्यावर तुमच्या गोष्टीतली अंतरं आणि वेळ. हे पान सगळ्या कथानकाचा खिळा आहे.

सुरुवात घरापासून करा. बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, म्हणजे रस्त्याने मुंबईला जाण्यापेक्षा ते जवळ. त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर; बेळगाव-पुणे पाऊण मिनिटात. आणि तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. माणसं तरंगतात कारण स्थानक आणि ती एकत्रच सतत पडत असतात. "गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर पडताच तो तरंगू लागला" हे वाक्य दर दुसऱ्या वहीत असतं. खोडा.

चंद्र ३,८४,४०० किलोमीटर. प्रकाशाला सव्वा सेकंद. मंगळ जागेनुसार ३ ते २२ मिनिटं. सीरीस सुमारे १३ ते ३३ मिनिटं. रेडिओचा संदेशही प्रकाशाच्याच वेगाने जातो, त्यामुळे पृथ्वीवरून सीरीसला फोनवर भांडता येत नाही. गंगाक्काने "पोचलास काय रे?" विचारलं आणि पृथ्वी आणि सीरीस सूर्याच्या दोन बाजूंना असले, तर प्रश्न जायला अर्धा तास, उत्तर यायला अर्धा तास. तेवढ्यात बेळगावच्या कॅम्पातून निघून टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे-गेटापर्यंत चालत जाऊन चहाही होईल. हा अडथळा नाही, हे सोनं आहे. पूर्वी मनीऑर्डरची पोच यायला जो काळ जायचा, त्यावर किती कथा उभ्या राहिल्या ते आठवा.

प्रवासाचा वेळ ठरवताना लोक आधी इंजिन शोधतात. उलटं करा. गोष्टीला प्रवास किती दिवसांचा हवा ते ठरवा, मग इंजिन त्याला बसवा. निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवत न्यायचा, मग यानाचं तोंड फिरवून उरलेल्या वाटेत तेवढाच कमी करायचा, असा साधा हिशेब धरा. पृथ्वीवर आपल्याला जेवढं वजन वाटतं तेवढ्या जोराने यान सतत ढकललं तर ४५ कोटी किलोमीटरला (पृथ्वी-सीरीस मधलं अंतर एवढं धरा) साधारण पाच दिवस लागतात. जोर शंभरावा केला तर वेळ शंभरपट होत नाही, दहापट होतो: पन्नास दिवस. गंगाक्काला मी पन्नास दिवस दिले. पाच दिवसांत माणसं नुसती सीटवर बसून राहतात. पन्नास दिवसांत ती भांडतात, लोणचं वाटून खातात, एकमेकांची पिशवी उघडून बघतात.

लघुग्रहांच्या पट्ट्यात यान दगड चुकवत वळणं घेतं ते दृश्यही काढून टाका. तिथे दोन मोठ्या दगडांमध्ये लाखो किलोमीटर रिकामी जागा असते. खिडकीतून बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही.

पायरी ४: यान बघायचं असेल तर उद्यमबागेत जा

वह्यांतली यानं चकचकीत असतात, दवाखान्यासारखी. कुणी झाडतं कधी, कुणी ग्रीस कधी लावतं, ते कळत नाही. उद्यमबाग ही बेळगावची कारखान्यांची वसाहत. तिथे ओळखीचा कुणी असेल तर त्याच्याबरोबर एक पाळी फौंड्रीत काढा. मोल्डिंगची काळी वाळू, ओतलेल्या लोखंडाचा लाल उजेड, लेथवर चढवलेला जॉब (म्हणजे घडवायचा तुकडा), कूलंटचा आंबूस वास. जुना टर्नर जॉबवरून अंगठ्याचं नख फिरवतो आणि मापाचं यंत्र लावायच्या आधी सांगतो की अजून एक हात मारायला हवा. माझा यानाचा कप्तान, तात्या, तिथूनच आला. पुणे रस्त्यावर हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग बनतात. यानाचे भाग बनवणारी माणसं कशी दिसतील याची कल्पना करत बसायची आपल्याला गरजच नाही.

फौंड्रीत एक गोष्ट नीट बघा: कास्टिंग गार कसं होतं. वारा लागतो, पंखा लागतो, वाळू उष्णता ओढून घेते. अवकाशात हवाच नाही. तापलेली वस्तू तिथे फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, उष्णता बाहेर टाकू शकते, आणि ते काम सावकाश होतं. म्हणून खऱ्या अंतराळस्थानकाला उष्णता फेकण्यासाठी मोठमोठे पंखांसारखे पत्रे असतात, त्यांतून अमोनिया फिरवतात. वह्यांतली इंजिनं बंद पडली की यान लगेच गोठतं. बऱ्याचदा आधीचा त्रास उलटा असतो: यान तापत जातं. तात्याच्या यानाचा एक पत्रा वाकला, एवढ्यावर माझी तीन प्रकरणं चालली.

दुसरी गोष्ट वजनाची. सतत ढकलणारं इंजिन नसेल आणि माणसं चालताना दाखवायची असतील, तर यानाचा एक भाग चक्रासारखा फिरवावा लागतो. मिनिटाला दोन फेऱ्या आणि पृथ्वीएवढं वजन हवं असेल तर चक्राची त्रिज्या सुमारे २२४ मीटर. फेऱ्या चार केल्या तर ५६ मीटरात भागतं, पण डोकं गरगरायला लागतं. आणि मजा अशी की त्या ५६ मीटरच्या चक्रात फूटभर उंचीवरून ओतलेली चहाची धार सरळ कपात पडत नाही, सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला सरकते. नवा माणूस चहा बशीत सांडतो. जुना न बघता कप तिरका धरतो. एवढ्या एका कपाने कोण किती वर्षं यानात आहे ते वाचकाला कळलं. सगळं भौतिकशास्त्र असं वापरा. व्याख्यान देऊ नका.

बाहेर आवाज नसतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जातो.

पायरी ५: माणसं, आणि ती बोलतात कशी

पहिल्या भागाला चार-पाच माणसं पुरतात. नवव्या भागात लागणाऱ्या सेनापतीची ओळख आत्ताच करून देऊ नका, वाचक विसरणारच आहे.

बोलण्याचं मात्र मनावर घ्या. वहीतला संवाद असा असतो: "कप्तान, दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनाचे तापमान धोक्याच्या पातळीपलीकडे गेले आहे." असं माणूस फक्त वर्तमानपत्रात बोलतो. माझ्याकडे असं आहे:

"तात्या, दोन नंबर तापूलालंय."

"किती?"

"हात लावून बघू नका म्हंजे झालं."

"पोरा, तुझ्या बापानंबी मला आकडा सांगितला नव्हता कधी."

म्हणून सगळी कादंबरी बेळगावी बोलीत लिहा असं मी म्हणत नाही. नागपूरच्या वाचकाला "करूलालोय" एकदा गोड वाटतं, पन्नासदा नाही. निवेदन साधं, सगळ्यांना कळेल असं. बोलीच्या तीन-चार खुणा निवडा, त्याच शेवटपर्यंत ठेवा, आणि कोण कुणाशी बोलतंय त्याप्रमाणे बदला. तात्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याशी "अहो साहेब" बोलतो, गंगाक्काशी "अक्का", पोराशी "तू". पलीकडची कन्नड बोलणारी बाई "हौद्री" (होय जी) म्हणते आणि गंगाक्काला "अव्वा" (आई). या हाकांतून हुद्दे, वयं, आपुलकी सगळं कळतं. वेगळं वर्णन लागत नाही.

शब्दांचंही तसंच. नवीन यंत्रांना संस्कृत कोशातून दहा अक्षरी नावं काढू नका. माणूस नव्या वस्तूला जुनं नाव देतो. टिळकवाडीत पत्ता सांगताना आजही रेल्वेच्या फाटकांवरून पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट म्हणतात. माझ्या कादंबरीत यानं लागतात त्या जागेला फलाट म्हणतात, दुरुस्तीच्या जागेला डेपो, आणि ठरावीक मार्गावर फिरणाऱ्या मालवाहू यानाला गाडी. वाचकाला एकदाही अडलं नाही. शब्दार्थांची यादी पुस्तकाच्या सुरुवातीला लावायची वेळ आली तर समजा, शब्द चुकलेत.

पायरी ६: पहिलं पान

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घाला. दहापैकी आठ वह्या अशा उघडतात:

"इसवी सन २४८७. मानवजातीने आता संपूर्ण सूर्यमाला व्यापली होती. पृथ्वीवरील तिसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या महासंघाने..."

यात कुणी माणूस नाही. घाम नाही, पिशवी नाही, गाडी चुकायची भीती नाही. आता बेळगावच्या बसस्टँडवर जा आणि अर्धा तास उभे राहा. पाट्या कन्नडात, आकडेही पुष्कळदा कन्नड. कन्नडातला एकचा आकडा घाईत बघितला तर आपल्या शून्यासारखा दिसतो. खेड्यातून आलेली म्हातारी पाटीकडे बघते, मग माणसांकडे बघते, आणि ज्याचा चेहरा बरा वाटेल त्याला विचारते, "ही गाडी खानापूरला जातीया काय?" माझी आजी असंच विचारायची. तिला पाटी कधी वाचता आली नाही, चुकीच्या गाडीत मात्र ती एकदाच बसली. त्या एका वेळेवरून माझं पहिलं पान आलं:

"गंगाक्काने पिशवी दोन पायांच्या मधे ठेवली आणि पाटीकडे मान वर केली. अक्षरं तिच्या ओळखीची नव्हती. आकडा तेवढा कळला: शून्य.

'शून्य नंबरचा फलाट असतोय काय कुठं?' तिने शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं.

'शून्य नव्हे, अव्वा, एक आहे ते,' बाई म्हणाली. मग तिने काचेपलीकडे, जिथे मघाशी दिवे होते तिथे बघितलं. 'आणि तुमची गाडी आत्ताच सुटली.'"

मोजून बघा. दोन लिप्या, दोन भाषा, अवकाशातला फलाट, पायात धरलेली म्हणजे मौल्यवान पिशवी, परक्या बाईचा चांगुलपणा, चुकलेलं यान. महासंघाचं नाव अजून आलेलं नाही आणि त्याची कुणाला उणीव भासत नाही. पुढच्या पानावर गंगाक्काला दुसरी गाडी शोधावी लागणार, ती तात्याची, आणि तिचा एक पत्रा वाकलेला.

तुमचं पहिलं पान लिहिलंत की त्यावर पेन्सिलीने खुणा करा: जिथे जिथे लेखक वाचकाला माहिती देतोय आणि पात्राला त्या क्षणी तिची गरज नाही, ती ओळ बाहेर. माझ्या एका पानावर या हिशेबाने चारच ओळी उरल्या होत्या. त्या चार चांगल्या होत्या.

मधली पानं आणि मालिकेची वही

मधल्या पानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती रोज बसून लिहावी लागतात. पन्नास दिवसांच्या प्रवासात एक बिघाड, एक भांडण, एक तपासणी पुरते. तपासणीचं प्रकरण लिहिताना मला करोनाच्या काळातला एक नाका आठवला. माझ्या मावसभावाकडे प्रमाणपत्र होतं, पण त्यावरची वेळ उलटून दोन तास झाले होते. त्याला परत पाठवलं. तपासणारा माणूसही अठरा तास उभा होता आणि त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. नाक्यावरचा अधिकारी मी तसाच लिहिला.

मालिकेला मात्र वेगळी वही लागते. प्रत्येकाचं वय, कोण कुणाचा कोण, कुठल्या डोळ्याला चष्मा जाड, कुठला शब्द कसा लिहायचा. हे डोक्यात राहतं असं वाटतं, राहत नाही. माझ्या तात्याचं तुटलेलं बोट पाचव्या प्रकरणात डाव्या हाताचं होतं आणि अकराव्यात उजव्या. निपाणीहून एका वाचकाचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही, "सर, बोट फिरलंय."

शेवट, वाचक, छपाई

लांबी पन्नास-साठ हजार शब्दांच्या आत ठेवा. नवख्याचं जाडजूड पुस्तक अनोळखी वाचक हातात घेत नाही, आणि छपाईचं बिल बघितल्यावर तुम्हीही घेणार नाही.

शेवटी लहान प्रश्न मिटवा, आणि मोठ्याचा एकच धागा सुटा सोडा. बी सीरीसवर पोचलं, भाच्याने ओंजळीत घेतलं, गंगाक्का निवांत झोपली. आणि वाफ्याला पाणी सोडताना पाइपवर पलीकडच्या सत्तेचा शिक्का दिसला. बस. पाच धागे सोडले तर वाचकाला पुस्तक फाटल्यासारखं वाटतं.

मग मोठ्याने वाचा, घरातल्या विज्ञान न शिकलेल्या माणसासमोर. ती व्यक्ती जिथे उठून गॅस बघायला जाते तिथे खूण करा.

टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची चटणी होते आणि संपादक ती तुम्हाला परत पाठवायचेही कष्ट घेत नाही. सगळं पुस्तक छापायच्या आधी त्यातलं एखादं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण दिवाळी अंकाला किंवा विज्ञानकथा स्पर्धेला पाठवा. मोठ्या नावांपुढे आपलं काय, अशी धास्ती नको. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ असताना १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत उतरले ते नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी अनोळखी जगतापांना पहिलं बक्षीस दिलं.

स्वतः छापणार असाल तर पुस्तकाच्या ओळखीचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

आणि छापायला देण्याआधी एक काम उरतं, ते कुणी करत नाही. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण लिहून काढा. पूर्ण. तोवर पहिल्या भागात काय चुकलंय ते कळत नाही. मी ते उशिरा केलं. पहिल्या भागाच्या शेवटी मी गंगाक्काला मारलं होतं. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून, दुसरं कारण नव्हतं. दुसऱ्या भागाचं तिसरं पान लिहिताना लक्षात आलं की कुठल्या पुरचुंडीत कुठलं बी आहे हे त्या म्हातारीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. छापखान्यात धावत गेलो. मालक म्हणाला, शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा छपाईचा गठ्ठा, अजून लागायचाय, उद्या दुपारपर्यंत द्या. गंगाक्का त्याच फर्म्यात मरत होती. तिथेच स्टुलावर बसून दोन ओळी बदलल्या: खोकला ठेवला, तिरडी काढली.